दुसरे महायुद्ध व चांदा जिल्ह्यातील लोकमत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात युद्धसाहाय्य आणि युद्धाची प्रत्यक्ष वाटचाल यांविषयी निर्माण झालेला सार्वजनिक मतभेद. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘चांदा जिल्हा’ या संज्ञेने स्थूलमानाने आजचे हे दोन्ही वनप्रधान जिल्हे अभिप्रेत आहेत. युद्धाची रणक्षेत्रे या प्रदेशापासून फार दूर होती आणि ज्या सरकारने युद्ध पुकारले ते लोकनियुक्त नव्हते. तथापि युद्धाविषयी कोणते वृत्त खरे मानावे, ते कोणी सांगावे आणि त्याविषयी शंका घेण्याचा अधिकार प्रजेला आहे काय, हे प्रश्न येथे तीव्रतेने उपस्थित झाले. चिमूर येथील ऑगस्ट १९४२ मधील घटना व त्यांविषयीच्या बातम्यांवर घातलेली बंदी यांमुळे त्यांना अखिल भारतीय महत्त्व प्राप्त झाले.

प्रदेश व दळणवळण : युद्धकाळात चांदा जिल्ह्यात चांदा, वरोडा, ब्रह्मपुरी, गडचिरोली व सिरोंचा या पाच तहसिली होत्या. वर्धा नदीपलीकडील राजुरा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. तो १९५९ मध्ये जिल्ह्यास जोडण्यात आला. पूर्वेकडील व दक्षिणेकडील अरण्यांचा मोठा भाग अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांकडे होता. मराठीबरोबरच गोंडी, माडिया व दक्षिणेकडे तेलुगू या भाषा बोलल्या जात. वर्ध्याहून वरोडा व बल्लारपूरमार्गे काझीपेठकडे जाणारा लोहमार्ग उत्तर व दक्षिण हिंदुस्थानांस जोडीत असल्याने जिल्ह्याच्या पश्चिम कडेने सैन्य व युद्धसामग्री यांची वाहतूक होई. गोंदिया–नागभीड–चांदा हा अरुंदमापी मार्ग भाताच्या प्रदेशातून जाई. या मार्गांपासून दूर असलेल्या गावी पावसाळ्यात पोहोचणे कठीण असे. चिमूर हे अशाच आडमार्गाच्या गावांपैकी एक होते.

साक्षरता अल्प असल्याने वृत्तपत्र एकाने वाचावयाचे व इतरांनी ऐकावयाचे, अशी रीत होती. नागपूरची महाराष्ट्र व हितवाद ही पत्रे आणि पुण्याचा केसरी हे शिक्षितांच्या माहितीचे मुख्य आधार होते. नागपूरला आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्यामुळे युद्धकाळात ज्या थोड्या घरी रेडिओ होता तेथे दूरच्या केंद्रांचे वृत्त ऐकावे लागे, व त्यांत लंडनप्रमाणे बर्लिन व टोकिओ येथील केंद्रेही असत. आठवडी बाजार, रेल्वेस्थानक, शाळा व भजनमंडळी ही बातमीच्या प्रसाराची तितकीच महत्त्वाची स्थाने होती. एखादी बातमी नागपूरहून गडचिरोली किंवा सिरोंचाकडे जाईपर्यंत ती अनेक तोंडांतून गेलेली असे. युद्धविषयक मतांचा विचार करताना ही परिस्थिती लक्षात घेणे अवश्य आहे.

पार्श्वभूमी : ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिन्‌लिथ्‌गो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे घोषित केले. प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे असताना त्यांचा किंवा मध्यवर्ती विधिमंडळाचा सल्ला घेण्यात आला नाही. काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्धा येथे भरलेल्या बैठकीत १४ सप्टेंबर रोजी ठराव करून युद्धाची उद्दिष्टे सरकारने स्पष्ट करावीत, लोकशाहीसाठी हे युद्ध असेल तर ते तत्त्व हिंदुस्थानासही लागू करावे, अशी मागणी केली. सरकारच्या उत्तराने समाधान न झाल्याने प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्य प्रांतातील पं. रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्ये अधिकारपदावरून दूर झाले व गव्हर्नरची राजवट सुरू झाली. यामुळे युद्धविषयक प्रश्नांची चर्चा करण्याचे विधिमंडळ हे सनदशीर व्यासपीठच उरले नाही. पुढील सहा वर्षांतील वादाचे स्वरूप घडविण्यात ही गोष्ट निर्णायक ठरली.

भारत संरक्षण कायदा व नियम यांन्वये सरकारला व्यापक अधिकार मिळाले. युद्धप्रयत्नांस बाधक भाषण, लेखन किंवा वृत्तप्रसार हा दंडनीय अपराध ठरला. बाधक काय, हे ठरविण्याचा अधिकार अर्थातच शासनाकडे होता. त्यामुळे ‘युद्ध अन्याय्य आहे’ हे मत आणि ‘युद्ध सरकार सांगते तसे चाललेले नाही’ हे विधान, या दोन वेगळ्या गोष्टी असूनही त्या एकाच नियमाच्या कक्षेत आल्या.

वैयक्तिक सत्याग्रह : युद्धविरोधी मत उघडपणे मांडण्याचा पहिला संघटित प्रयत्न विदर्भातच सुरू झाला. म. गांधींनी १९४० च्या अखेरीस सामुदायिक आंदोलनाऐवजी निवडक व्यक्तींचा सत्याग्रह योजला. त्याचा हेतू भाषणस्वातंत्र्याचा हक्क प्रस्थापित करणे हा होता. सत्याग्रहीने अगोदर सूचना देऊन जाहीर भाषण करावे, ब्रिटिशांच्या युद्धास माणसे वा पैसा यांचे साहाय्य करू नये व युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच करावा असे सांगावे आणि अटक स्वीकारावी, अशी त्याची पद्धत होती. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी पहिले भाषण केले व त्यांना २१ ऑक्टोबरला अटक झाली. हा सत्याग्रह क्रमाने देशभर पसरला आणि १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. चांदा जिल्ह्यातील काँग्रेसचे नेतृत्व मारोतराव कन्नमवार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांकडे होते. पुढे ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले (१९६२-६३).

या सत्याग्रहात शत्रूच्या विजयाची इच्छा नव्हती. नाझी राजवटीविषयी काँग्रेसने आपला निषेध वारंवार नोंदविला होता. ज्या स्वातंत्र्यासाठी युद्ध आहे असे सांगितले जाते, ते येथे का नाही, हा सत्याग्रहींचा प्रश्न होता. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉर्वर्ड ब्लॉकची भूमिका याहून भिन्न होती. जून १९४० मध्ये नागपूरला भरलेल्या या पक्षाच्या अधिवेशनात ब्रिटनच्या अडचणीचा लाभ घेऊन तत्काळ लढा सुरू करावा, असे मत मांडण्यात आले. नागपूरचे कामगार नेते रा. शं. रुईकर या पक्षात होते. युद्धविरोधी गटातही याप्रमाणे दोन प्रवाह होते : एक युद्धमात्राला विरोध करणारा व दुसरा युद्ध ही संधी मानणारा.

युद्धसाहाय्याच्या बाजूचे प्रवाह : युद्धास अनुकूल असणारे सर्व लोक सरकारधार्जिणे होते, ही समजूत बरोबर नाही. त्यांची कारणे परस्परांहून अगदी वेगळी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना नाझींचा विजय हे मानवी समतेवरील संकट वाटे. शिवाय पूर्वी बंद झालेली सैन्यभरती महारांना पुन्हा खुली व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली व दुसरी पुढील वर्षी नागपूरजवळील कामठीस उभारण्यात आली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत दलितांच्या स्वतंत्र राजकीय संघटनेचा पाया घातला गेला आणि त्याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. विदर्भातील अनेक दलित कुटुंबांना सैन्यभरती हा सन्मानाचा व नियमित वेतनाचा मार्ग वाटला.

हिंदुमहासभेचे अध्यक्ष वि. दा. सावरकर यांनी हिंदूंच्या सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. नाशिक येथे भोसला सैनिकी विद्यालय स्थापणारे (१९३७) नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे या मताचे विदर्भातील प्रमुख प्रवर्तक होते. यवतमाळचे लोकनायक मा. श्री. अणे यांनी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले. मानवेंद्रनाथ रॉय व त्यांचे अनुयायी फॅसिझमचा पराभव हीच स्वातंत्र्याची पूर्वअट मानीत. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे विचारवंत त्यांच्या बाजूस होते. कम्युनिस्ट पक्षाने आरंभी या युद्धास साम्राज्यवादी युद्ध म्हटले. परंतु २२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर त्याने भूमिका बदलली व ‘लोकयुद्ध’ ही घोषणा स्वीकारली. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठविण्यात आली.

युद्धाच्या वाटचालीविषयीचा वाद : १९४१ च्या अखेरपर्यंत मतभेद मुख्यतः तत्त्वाचा होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपान युद्धात उतरल्यावर त्याचे स्वरूप पालटले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर, ८ मार्चला रंगून व २३ मार्चला अंदमान बेटे जपानच्या हाती गेली. ६ एप्रिलला विशाखापटनम्‌ व काकिनाडा या बंदरांवर बाँब पडले. ब्रह्मदेशातून चार लक्षांहून अधिक भारतीय परत आले. त्यांपैकी अनेक अरण्यमार्गाने पायी चालत आले व पुष्कळजण वाटेतच दगावले. परतणाऱ्यांनी सांगितलेले अनुभव आणि सरकारी निवेदने यांत मोठी तफावत होती. सुनियोजित माघार, अल्प हानी व निश्चित अंतिम विजय ही निवेदनांची भाषा होती. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र युरोपीयांना वाहने मिळाली व भारतीयांना पायी यावे लागले, ही हकीकत ठसली.

युद्धाविषयीच्या खऱ्या लोकमताचे एक गमक नाण्यांच्या व्यवहारात सापडते. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव होताच देशभर लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यास व डाकघरातील ठेवी काढण्यास प्रारंभ केला. नाण्यांचा साठा करणे सरकारने अपराध ठरविले, त्याच वर्षी एक रुपयाची नोट प्रचारात आणली आणि नव्या रुपयातील चांदीचे प्रमाण सु. निम्म्यावर आणले. १९४२ मध्ये सुट्या नाण्यांची टंचाई पुन्हा भासू लागली. सभेत न बोलणारा किंवा वृत्तपत्र न वाचणारा मनुष्यही मडक्यात रुपया पुरून ठेवताना युद्धाच्या वाटचालीविषयी आपले मत देत होता. सरकारी पत्रकावरील त्याचा विश्वास कितपत होता, हे यावरून दिसते.

पराभूत वृत्ती व अफवा यांना आळा घालण्यासाठी मार्च १९४२ मध्ये ‘राष्ट्रीय युद्ध आघाडी’ ही प्रचारमोहीम सुरू करण्यात आली. ज्यांना युद्धाचे उद्दिष्टच मान्य नव्हते, त्यांच्यावर तिचा प्रभाव पडणे कठीण होते. प्रचार व वृत्त यांतील सीमारेषा पुसली गेल्याने सरकारने दिलेली खरी माहितीही संशयास्पद ठरू लागली. बर्लिन व टोकिओची वृत्तेही प्रचाराचाच भाग होती. परंतु ती पसरविण्यास शिक्षा असल्याने त्यांना त्यांच्या योग्यतेपेक्षा अधिक विश्वासार्हता लाभली. १९४२ पासून बर्लिनहून होणारी सुभाषचंद्र बोस यांची भाषणे या कारणानेच कानोकानी पसरली.

याच वेळी इंग्लंडमध्ये काय घडत होते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील टोब्रुक पडल्यानंतर सर जॉन वॉर्डलॉ-मिल्न यांनी युद्धाच्या मध्यवर्ती संचालनावर अविश्वास व्यक्त करणारा ठराव ब्रिटिश लोकसभेत मांडला. १ व २ जुलै रोजी त्यावर उघड चर्चा झाली. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्यावर कठोर टीका झाली व शेवटी ठराव २५ विरुद्ध ४७५ मतांनी फेटाळला गेला. युद्ध नीट चाललेले नाही असे लंडनच्या लोकसभेत म्हणणे हे सभासदाचे कर्तव्य समजले जाई. तेच विधान चांद्याच्या बाजारात केल्यास भारत संरक्षण नियमांखाली अटक होऊ शकत होती. टीकेनंतर चर्चिल यांचे आसन अधिक स्थिर झाले. हिंदुस्थानात मात्र टीका दडपल्याने सरकारची स्थिती दृढ झाली नाही ; ती अधिकाधिक अविश्वसनीय होत गेली.

चिमूरची घटना : मार्च-एप्रिल १९४२ मधील क्रिप्स शिष्टाई निष्फळ ठरली. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला व दुसऱ्या दिवशी पहाटे म. गांधी व इतर नेते यांना अटक करण्यात आली [⟶ छोडो भारत आंदोलन]. ब्रिटिश सत्ता युद्धात कोलमडत आहे, ही समजूत आणि नेत्यांच्या अटकेचा संताप हे दोन्ही प्रवाह चिमूरला एकत्र आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा या परिसराशी बालपणापासून संबंध होता. त्या वर्षी त्यांचा मुक्काम चिमूरला होता व त्यांच्या राष्ट्रीय भजनांनी लोक भारावून गेले होते.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, गावात मिरवणूक निघाली. स्थानिक पुढाऱ्यांच्या अटकेने जमाव प्रक्षुब्ध झाला व पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा किशोरवयीन मुलगा मृत्यू पावला. त्यानंतर जमावाने विश्रामगृहास आग लावली आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यासह चार सरकारी अधिकारी व कर्मचारी मारले गेले. रस्ते अडविण्यात आल्याने गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला व दोन्ही बाजूंस मनुष्यहानी झाली. १९ ऑगस्ट रोजी सैन्य चिमूरला पोहोचले. मधल्या तीन दिवसांत चिमूर स्वतंत्र होते, अशी आठवण परिसरात जपली गेली आहे. ते स्वातंत्र्य सुभाषबाबूंनी बर्लिनच्या रेडिओवरून घोषित केल्याचेही लोकपरंपरेत सांगितले जाते. या परंपरेवरून तत्कालीन लोकमानस दूरच्या युद्धाशी स्वतःला कसे जोडून घेत होते, हे स्पष्ट होते.

सैन्य आल्यानंतर मोठ्या प्रमाणावर अटकसत्र झाले. गावावर एक लाख रुपयांचा सामुदायिक दंड बसविण्यात आला. गावातील पुरुष अटकेत किंवा परागंदा असताना सैनिकांनी घरे लुटली व स्त्रियांवर बलात्कार केले, अशा तक्रारी पुढे आल्या. तुकडोजी महाराजांना ऑगस्टअखेर चांदा येथे अटक झाली व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले.

तक्रारींची शहानिशा करण्यासाठी नागपुरातील काही स्त्री-कार्यकर्त्या व डॉ. मुंजे चिमूरला गेले आणि त्यांनी पीडित स्त्रियांची निवेदने नोंदवून घेतली. मुंजे हे सैन्यभरतीचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांनीच सैनिकांच्या वर्तनाविषयी चौकशीची मागणी करावी, ही बाब महत्त्वाची आहे. युद्धास साहाय्य करावे, हे मत आणि युद्धाच्या नावाखाली झालेले सर्व काही झाकावे, हे मत एक नव्हे, हे त्यावरून दिसून येते. सरकारने मात्र आरोप अमान्य केले व स्वतंत्र चौकशीस नकार दिला.

वृत्तबंदी व भन्साळींचे उपोषण : चिमूरच्या स्त्रियांच्या निवेदनांस वृत्तपत्रांतून स्थान मिळणे दुर्घट झाले. सेवाग्राम आश्रमातील आचार्य जयकृष्ण भन्साळी यांनी या प्रकरणी चौकशी व्हावी म्हणून नोव्हेंबर १९४२ च्या प्रारंभी दिल्लीस लोकनायक अणे यांच्या निवासस्थानी उपोषण आरंभिले. अणे हे विदर्भाचे व कार्यकारी मंडळाचे सदस्य असल्याने त्यांनी स्वतः चिमूरला जाऊन पाहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. सरकारने भन्साळींना दिल्लीतून हद्दपार केले. त्यांनी पायी चिमूरला जाण्याचा यत्न केला असता त्यांना अटकाव करण्यात आला व पुढील उपोषण सेवाग्रामला चालले.

प्रांतिक सरकारने या उपोषणाच्या व चिमूरच्या बातम्यांवर बंदी घातली. त्यामुळे आतापर्यंत स्थानिक असलेल्या प्रश्नास सर्वस्वी वेगळे परिमाण लाभले. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने युद्धकाळात स्वयंनियंत्रणाचे तत्त्व मान्य करून सरकारशी सहकार्य केले होते. एका माणसाच्या जीवनमरणाचे वृत्त देण्यास मनाई करणे हे त्या सहकार्याच्या मर्यादेबाहेरचे आहे, अशी भूमिका परिषदेने घेतली. नववर्षाच्या सरकारी सन्मानपदव्यांची यादी न छापण्याचे ठरविण्यात आले आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी प्रकाशन बंद ठेवून हरताळ पाळला. युद्धाविषयी अनुकूल असलेली पत्रेही यात सहभागी होती. ज्या गावाचे नाव दडपण्याचा यत्न झाला, ते त्या दिवशीच्या हरताळामुळे सर्वतोमुखी झाले.

मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी मध्यस्थी केली. १२ जानेवारी १९४३ रोजी, ६३ व्या दिवशी, भन्साळींनी उपोषण सोडले. बातम्यांवरील बंदी उठविण्यात आली. परंतु स्वतंत्र चौकशीची मूळ मागणी मान्य झाली नाही. पुढील महिन्यात म. गांधींच्या २१ दिवसांच्या उपोषणप्रसंगी अणे यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला व त्याच वर्षी डॉ. खरे त्या मंडळात गेले.

खटले व शिक्षा : चिमूर व आष्टी येथील आरोपींवर युद्धकालीन वटहुकमान्वये स्थापिलेल्या विशेष न्यायालयांत खटले चालले. या न्यायालयांत नेहमीच्या अपिलाचे संरक्षण मर्यादित होते. जून १९४३ मध्ये संघीय न्यायालयाने संबंधित वटहुकूम अवैध ठरविला. सरकारने नवा वटहुकूम काढून शिक्षा कायम राखण्याची तरतूद केली. अनेक आरोपींना जन्मठेप व काहींना फाशीची शिक्षा झाली. फाशी रद्द व्हावी म्हणून देशभर चळवळ झाली. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी त्यासाठी विशेष परिश्रम घेतले व म. गांधींनीही जाहीर आवाहन केले. अखेर १९४५ साली फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित करण्यात आल्या. जमावाने केलेल्या हत्यांची न्यायालयीन चौकशी झाली, साक्षी नोंदल्या गेल्या व शिक्षा झाल्या. स्त्रियांच्या तक्रारींची मात्र कोणत्याही न्यायपीठापुढे स्वतंत्र चौकशी झाली नाही. दोन्ही कृत्ये एकाच गावात एकाच आठवड्यात घडलेली असताना हा भेद राहिला, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट होय.

वनप्रदेशातील परिस्थिती : जिल्ह्यातील बहुसंख्य वनवासी जनता उपर्युक्त मतप्रवाहांपैकी कोणत्याही एकात मोडत नव्हती. तिला युद्ध जाणवले ते प्रामुख्याने जीवनोपयोगी वस्तूंच्या टंचाईतून व भाववाढीतून. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ १९४२ पासून बंद झाल्याने देशातील सर्वच भातप्रदेशांवर ताण पडला. कापड, रॉकेल व मीठ यांची टंचाई भासू लागली आणि नियंत्रित वाटपाची पद्धत आली. युद्धास लागणाऱ्या इमारती लाकडासाठी हिंदुस्थानातील जंगलांत नेहमीपेक्षा अधिक तोड करण्यात आली आणि सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या मध्य प्रांतातील वनांवर तिचा भार पडला. गोंड व माडिया लोकांच्या दृष्टीने जंगलावरील हक्काचा झगडा अधिक निकटचा होता. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात कुमराम भीमू यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी याच प्रश्नावर केलेला उठाव निजामाच्या पोलिसांनी १९४० मध्ये मोडून काढला व त्यात भीमू मारले गेले. मतभेदाचा इतिहास लिहिताना ज्यांनी भाषणे केली त्यांचीच नोंद होते. ज्यांना बोलावयास कोणी विचारलेच नाही, त्यांच्या मताचा अंदाज अशा घटनांवरूनच करावा लागतो.

परिणाम व मूल्यमापन : युद्धकाळात हिंदी सैन्याची संख्या सु. २५ लक्षांपर्यंत वाढली व सु. ८७,००० सैनिक कामी आले. सैन्यात गेलेला मनुष्य व सत्याग्रहात तुरुंगात गेलेला मनुष्य हे पुष्कळदा एकाच तालुक्यातील असत. युद्ध १९४५ साली मित्रराष्ट्रांच्या विजयाने संपले. अंतिम विजय निश्चित आहे, हे सरकारचे भाकीत अशा रीतीने खरे ठरले व ब्रिटिश सत्ता युद्धातच मोडून पडेल, ही १९४२ मधील लोकसमजूत चुकीची निघाली. तरीही ज्याचे भाकीत खरे ठरले त्या शासनावरील विश्वास परत आला नाही. दोन वर्षांतच ते संपुष्टात आले. लोकमत केवळ निकालावरून बनत नाही. मधल्या काळात प्रजेशी किती सत्य बोलले गेले, यावरही ते अवलंबून असते.

पुढील काळातील परदेशांतील अप्रिय युद्धांतही याची प्रचीती आली. व्हिएटनाम युद्धात १९६७ च्या अखेरीस विजय दृष्टिपथात असल्याचे अमेरिकन सरकार सांगत होते. ३० जानेवारी १९६८ पासून झालेल्या टेट चढाईने त्या निवेदनांवरील जनतेचा विश्वास ढासळला. लष्करी दृष्ट्या ती चढाई परतविली गेली, तरी गेलेला विश्वास मिळविता आला नाही [⟶ व्हिएटनाम युद्ध]. अमेरिकेत हा वाद वृत्तपत्रे, विद्यापीठे व निवडणुका यांच्याद्वारे उघडपणे झाला. चांदा जिल्ह्यात तो करण्याची साधने लोकांना उपलब्ध नव्हती. म्हणून तो भजनांत, बाजारात, पुरलेल्या नाण्यांत आणि शेवटी चिमूरच्या हिंसेत प्रकट झाला.

चिमूर येथे १६ ऑगस्ट हा दिवस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. त्या दिवशी मरण पावलेल्यांची नावे स्मारकामुळे टिकून आहेत. ज्या स्त्रियांनी सामाजिक अप्रतिष्ठेची भीती असतानाही आपली निवेदने नोंदवू दिली, त्यांना स्मारक नाही. तथापि ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही या प्रकरणाचा विचार ज्या माहितीच्या आधारे करता येतो, तिचा एक मोठा भाग त्यांच्या निवेदनांचाच आहे.